कोणत्या होळीचा पळस?

"काय पाहून राहिले जी वर?" नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर फिरायला येणारे एक काका हमखास विचारतात. पळसाच्या कळ्या, म्हटलं की उत्तर तयार: "होळीले फुलते ना तो! त्यात काय पाहाचं?"

झाड एकच, दर वर्षी तेच. आठवड्यातून एकदा त्याच्याखाली उभं राहून पानं, कळ्या, फुलं, शेंगा यांच्यापुढे 'नाही', 'थोडी' किंवा 'भरपूर' लिहायचं. 'सीझनवॉच' या देशभर चालणाऱ्या उपक्रमाची हीच रीत: झाडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असेल तर थोडी, जास्त असेल तर भरपूर. ऐकायला पोरखेळ. पण पळसाची कळी काळपट मखमली कोषात असते. दुर्बिणीतून त्या कोषाच्या फटीत केशरी रेघ दिसली की पेच पडतो, ही कळी धरायची की फूल? पाकळ्या पुरत्या सुटेपर्यंत मी कळीच लिहितो. नियम कोणताही चालेल, पण दर वर्षी तोच हवा. खाली पडलेली फुलं धरायची नाहीत, ती शेजारच्या झाडाचीही असतात. आणि 'नाही' लिहायचा कंटाळा करायचा नाही. गेल्या आठवड्यात 'नाही' होतं, म्हणून तर आजच्या 'थोडी'ला किंमत.

काकांच्या होळीची अडचण अशी, की तीच जागेवर नसते. 2018 साली ती 1 मार्चला पेटली, 2021 साली 28 मार्चला. दोन्ही वर्षी पळस एकाच तारखेला फुलला असता, तरी लोकांना एकदा तो उशिरा फुललेला आठवला असता, एकदा लवकर. हवामानबदलाने फुलोरा आठवडाभर सरकला का, हे असल्या आठवणीवरून कसं ठरवणार? त्यापेक्षा मृग बरा. तो सूर्यावर चालतो, 7-8 जूनलाच लागतो.

क्योटोत चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत. जुन्या रोजनिश्यांतल्या त्या तिथी यासुयुकी आओनो यांनी आजच्या तारखांत बसवल्या, तेव्हा कुठे 2021 चा 26 मार्चचा बहर तोवरच्या बाराशे वर्षांत सर्वांत लवकरचा असल्याचं कळलं.

मग आपल्या संत्र्याचा बहर का नाही मोजत? कारण काटोल-नरखेडकडे बागायतदार झाडाला ताण देतो, मग पाणी सोडून तो तोडतो, तेव्हा आंबिया बहर फुटतो. ती तारीख थंडीची तेवढीच विहिरीवरच्या मोटरीची.

पळसाला कोणी पाणी घालत नाही. पण एका झाडावर भागतही नाही, एखादं झाड जात्याच उतावळं निघतं. म्हणून यादीत आणखी काही झाडं आहेत, त्यात एक बहावा. तो म्हणे अक्षय्य तृतीयेला फुलतो. म्हणजे पुन्हा तोच घोळ.