कॉटखालचा कारखाना

कम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं सीएनसी राउटर, तेही टू बीएचकेमध्ये? येस्स! ‘३०१८’चं किट आणलं. कोरायची जागा जेमतेम ३०० बाय १८० मिलिमीटर, म्हणजे कॉटखाली मावणारं. शनिवारी जोडलं, रविवारी पळालंसुद्धा! पण आईच्या नावाच्या पाटीचा चौकोन आला तिरका. मी जीआरबीएलच्या सेटिंग्जमध्ये तासभर डोकं फोडलं. लेथवर उभी हयात काढलेले बाबा मागून म्हणाले, ‘‘अरे, आधी दोन्ही कर्ण मोज.’’ तीन मिलिमीटरचा फरक! सॉफ्टवेअर बिचारं निर्दोष, फ्रेमच गुण्यात नव्हती. स्क्रू सैल केले, बाबांनी गुण्या धरला, मी आवळले. (एमडीएफचा भुसा फार बारीक असतो. मास्क मस्ट!) नवी पाटी दारावर लागलीय. दुपारी मशीन बंद, ही आईची अट.