चौतीस पाळ्यांचा निकाल

१० एप्रिल २०२४ रोजी बॉस्टनच्या फेनवे पार्कवर जॅक्सन हॉलिडे बाल्टिमोर ओरिओल्सकडून पहिला सामना खेळला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि बेसबॉलमधल्या होतकरू खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर होतं. तो आणि पुढचे नऊ, अशा दहा सामन्यांत त्याला ३६ पाळ्या मिळाल्या. दोनदा वॉक मिळाला, म्हणजे बाहेरचे चार चेंडू सोडून तो फुकट पहिल्या बेसवर गेला. उरलेल्या ३४ पाळ्यांत हिट फक्त २ आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकनंतर बाद होणं, १८ वेळा. २६ एप्रिलला क्लबने त्याला खालच्या ट्रिपल-ए संघात, नॉरफोकला, परत धाडलं. ३४ पाळ्या, २ हिट हा आकडा तेव्हापासून त्याच्या नावाला चिकटला. ज्यांनी त्याला वर आणा म्हणून धोशा लावला होता, त्यांच्यातलेच काही जण त्याची घाई झाली, त्याचा गाजावाजा फार झाला, असं म्हणू लागले. माझं म्हणणं असं की चाहत्यांची अपेक्षा चुकीची नव्हती, तिला घातलेली मुदत चुकीची होती. आणि ही मुदत त्यांनी एकट्यांनी घातलेली नव्हती.

अपेक्षा कुठून आली ते आधी पाहू. २०१८ मध्ये बाल्टिमोर ११५ सामने हरलं, २०१९ मध्ये १०८, २०२१ मध्ये ११०. तेव्हाच्या अमेरिकी पद्धतीत तळाच्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत वरचा क्रमांक मिळायचा, त्यामुळे हरणं ही एक प्रकारची गुंतवणूक ठरायची. तिचे हप्ते मात्र तिकीट काढून पराभव बघणारा प्रेक्षक भरत असे. २०२२ मध्ये बाल्टिमोरने पहिल्या क्रमांकावर हॉलिडेला निवडलं आणि शाळेतून थेट आलेल्या या पोराशी ८१.९ लाख डॉलरचा करार केला. २०२३ च्या एकाच हंगामात तो खालच्या चार पायऱ्या चढला; सरासरी ०.३२३ आणि तब्बल १०१ वॉक. इतके वॉक याचा अर्थ त्याला चेंडूची पारख होती. शिवाय वडील मॅट हॉलिडे, सात वेळा ऑल-स्टार. एवढं सगळं समोर असताना ज्याने अपेक्षा ठेवली नाही, तो चाहता कसला? पण याच वडिलांचा आणखी एक तपशील कुणी फारसा लक्षात घेत नाही. त्यांची निवड १९९८ साली सातव्या फेरीत झाली आणि मोठ्या लीगमधला पहिला सामना ते २००४ मध्ये, चोविसाव्या वर्षी खेळले. बापाला सहा वर्षं मिळाली, लेकाला दोनसुद्धा पुरती मिळाली नाहीत.

बॅटरचं काम नेमकं आहे काय, ते जवळून पाहिल्याशिवाय ३४ पाळ्यांचा अर्थ लागत नाही. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, पट्टा बॅटरजवळच्या प्लेटपासून १८.४४ मीटरवर असतो, पण पाय पुढे टाकून चेंडू सोडताना त्याचा हात बॅटरच्या दीड-दोन मीटर जवळ आलेला असतो. ताशी १५३ किलोमीटरचा फास्टबॉल तिथून प्लेटवर पोचायला साधारण ०.४ सेकंद घेतो. त्यातला सुमारे ०.१५ सेकंद बॅट फिरायलाच लागतो. म्हणजे चेंडू ओळखायचा, तो ४३ सेंटीमीटर रुंदीच्या प्लेटवरून जाणार की बाहेरून हे ठरवायचं आणि मारायचा की सोडायचा याचा निर्णय घ्यायचा, हे सगळं पाव सेकंदात. हॉलिडे डावखुरा, म्हणजे त्याचा उजवा पाय पुढे. पिचरचा हात मागे जातो तेव्हा हा पाय उचलला जातो आणि चेंडू हातातून सुटताना खाली टेकू लागतो. अंगाचं सगळं वजन त्याच्या टेकण्यावर अवलंबून असतं. १३८ च्या वेगाचा स्लायडर फास्टबॉलपेक्षा सेकंदाचे सुमारे चार शतांश उशिरा येतो, शिवाय वळतो. पाय फास्टबॉलच्या हिशेबाने टेकला आणि आला स्लायडर, की कंबर आधीच फिरून जाते आणि मागे उरतात नुसते हात. स्लायडरची वाट बघत राहावं, तर छातीजवळचा फास्टबॉल बॅटच्या वरून निघून जातो. गोल बॅटची सगळ्यात जाड जागासुद्धा साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास, चेंडूच्या व्यासापेक्षा कमीच. बाहेरून जे 'चुकलं' असं दिसतं, ते बहुतेक वेळा पायाचं घड्याळ किंचित पुढे-मागे झाल्याने घडलेलं असतं.

मग हे घड्याळ खालीच का लावून घेत नाहीत? वर आणायच्या आधी पोराला पुरता तयार करा, हा आक्षेप रास्त वाटतो, पण त्यात एक अडचण आहे. ट्रिपल-एमध्येही ताशी १५३ चा फास्टबॉल टाकणारे आहेत, मोठा स्लायडर टाकणारेही आहेत. पण दोन्ही हुकमी टाकणारा, शिवाय बॅटरच्या आधीच्या पाळ्यांचा अभ्यास करून आलेला पिचर तिथे रोज भेटत नाही. मोठ्या लीगमध्ये बॅटरचं एक दुबळं स्थान सापडलं, की दोन-तीन दिवसांत ते सगळ्या संघांना कळतं, आणि पुढचा प्रत्येक पिचर तिथेच चेंडू टाकत राहतो. जाळीतल्या सरावात टीवर, म्हणजे खुंटीवर, ठेवलेल्या चेंडूवरचे फटके होतात, प्रशिक्षकाने हलक्या हाताने टाकलेले चेंडू होतात, हल्ली पिचरचं चित्र दाखवून त्याच्यासारखाच चेंडू फेकणारी यंत्रंही आली आहेत. त्यातून पाय आणि कंबर दुरुस्त होतात. पण समोरचा माणूस आपल्याला फसवायला बघतोय हा भाग यंत्र शिकवू शकत नाही. मोटार चालवायला मैदानात कितीही शिकलं तरी घाटातला वळणरस्ता घाटातच कळतो, तसं हे आहे. म्हणून वरचं अपयश हा शिक्षणात आलेला खंड समजू नये. शिक्षणाचा तो एक टप्पाच आहे, आणि त्याला फाटा देणारी वाट अजून कुणाला सापडलेली नाही.

यावर आकडे जाणणारे दुसरा आक्षेप घेतील, आणि तो जास्त वजनदार आहे. ३४ पाळ्या हा नमुना फार लहान, त्यावरून काहीच सांगता येत नाही, असा बचाव नेहमी केला जातो. तो मला पटत नाही. ०.२५० सरासरीच्या साध्या बॅटरला ३४ पाळ्यांत आठ-नऊ हिट मिळाव्यात. नुसत्या नशिबाच्या फेऱ्याने त्या दोनवर येण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी. त्यात निम्म्याहून जास्त पाळ्यांत स्ट्राइकआउट. म्हणजे काहीतरी बिघडलं होतंच आणि चाहत्यांनी ते बरोबर हेरलं होतं. चूक पुढच्या पायरीवर झाली. आज काय बिघडलंय एवढंच ३४ पाळ्या सांगतात. ते दुरुस्त होईल की नाही, हे त्या सांगू शकत नाहीत. २०१६ मध्ये न्यूयॉर्क यँकीजच्या ॲरन जज ८४ पाळ्यांत ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला, सरासरी ०.१७९, पुढच्याच वर्षी त्याने ५२ होमरन मारले आणि २०२२ मध्ये ६२. फिलाडेल्फियाच्या माइक श्मिटची १९७३ ची सरासरी ०.१९६ होती, १९७४ मध्ये तो नॅशनल लीगमध्ये होमरनमध्ये पहिला आला. पण उलट उदाहरणंही तितकीच खरी आहेत. ब्रँडन वुडने २००५ मध्ये खालच्या लीगमध्ये ४३ होमरन ठोकले होते. वर मात्र त्याची कारकीर्द ०.१८६ च्या सरासरीवर संपली. सुरुवातीच्या आकड्यांवरून जज कोण आणि वुड कोण हे सांगता येत नाही. म्हणूनच घाईने दिलेला निकाल, मग तो हारतुऱ्यांचा असो की हेटाळणीचा, सारखाच पोकळ ठरतो.

इतका पैसा घेतला, आता खेळून दाखव, असाही एक सूर असतो. पैसा देणाऱ्या चाहत्याला जाब विचारायचा हक्क आहे, यात वाद नाही. पण जाब कुणाला? करार क्लबने केला, पराभवांची वर्षं क्लबने आखली, आणि 'पहिल्या क्रमांकाचा होतकरू' हे विशेषण जाहिरातीसारखं वापरून उद्याचं स्वप्न आज विकलं ते क्लबने आणि याद्या छापणाऱ्यांनी. यादीत पहिला क्रमांक म्हणजे पाच-सात वर्षांनंतरच्या खेळाडूबद्दलचा अंदाज असतो. तो पुढच्या मंगळवारच्या सामन्याचं वचन म्हणून विकला गेला, तर चाहत्याची फसवणूक होते, आणि तिची वसुली मात्र वीस वर्षांच्या मुलाकडून केली जाते.

पुढे काय झालं ते या वादात कामाचं आहे, कारण ते दोन्ही बाजूंना पुरतं सोयीचं नाही. ३१ जुलै २०२४ ला तो परत आला आणि त्याच दिवशी टोरोंटोविरुद्ध त्याने चारही धावांचा होमरन, ग्रँड स्लॅम, मारला. तरी त्या हंगामाची सरासरी ०.१८९ च राहिली. २०२५ मध्ये १४९ सामने, ०.२४२ आणि १७ होमरन. याला अपयश म्हणता येत नाही आणि अवतारही म्हणता येत नाही. एकविसाव्या वर्षी मोठ्या लीगमध्ये रोज मैदानात उतरणाऱ्या मुलाची ही खरीखुरी प्रगती आहे. ती पाहायची तर सरासरीच्या बाजूला आणखी काही पाहावं लागतं: स्ट्राइकआउटचं प्रमाण महिन्यागणिक उतरतंय का, प्लेटबाहेरच्या चेंडूंमागे बॅट कमी धावतेय का, आणि ज्या जागी तो आधी हरत होता तिथे चेंडू टाकायला पिचर आता कचरतात का. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण ती प्रतिस्पर्ध्याने दिलेली पावती असते. असं पाहणाऱ्या चाहत्याला अपेक्षा सोडावी लागत नाही. तो ती हंगामांच्या हिशेबाने बाळगतो, आणि ती पुरी झाली नाही तर आधी क्लबच्या दारात जातो.