प्रदर्शनासाठी परदेशी न्यावयाच्या अवजारांची यादी

मुळशी तालुक्यात भाताची खाचरे लहान, बांध उंच आणि पाऊस अतोनात. मोठ्या ट्रॅक्टरला येथे वळावयासही जागा मिळत नाही. हाताने ढकलावयाचे कोळपे, पायाने चालवावयाचे मळणी यंत्र, लहान इंजिनावरील टिलर, हीच अवजारे या भूमीस मानवतात. पौड रस्त्याने पिरंगुटपर्यंत लहानमोठे कारखाने उभे राहिले आहेत. तेथील एखाद्या कारखानदारास किंवा शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीस अशी अवजारे परदेशी प्रदर्शनात मांडावीशी वाटणे स्वाभाविक आहे. जर्मनीत हॅनोव्हर येथे सामान्यतः विषम वर्षी, तर इटलीत बोलोन्या येथे सम वर्षी कृषियंत्रांची मोठी प्रदर्शने नोव्हेंबरमध्ये भरतात.

अडचण येते ती जकातीची. यंत्र विकावयाचे नसून केवळ दाखवून परत आणावयाचे असले, तरी परक्या देशाच्या सीमेवर जकात किंवा अनामत भरावी लागते. हा अडसर दूर व्हावा म्हणून 1961 साली ब्रुसेल्स येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला व 1963 साली तो अमलात आला. त्याअन्वये मिळणाऱ्या पुस्तिकेस ए. टी. ए. कार्नेट म्हणतात. भारतात ती फिक्की ही व्यापारी संघटना देते आणि जकातीची हमीही घेते. त्यापोटी अर्जदारास तारण द्यावे लागते. पुस्तिकेची मुदत अधिकात अधिक एक वर्ष असते.

या पुस्तिकेचा प्राण म्हणजे तिच्यातील मालाची यादी. अनुक्रमांक, वर्णन व खुणा, नग, वजन, मूल्य आणि मूळ देश असे तिचे रकाने असतात. माल ज्या देशातून निघाला त्याच देशात तयार झाला असेल, तर शेवटचा रकाना भरावा लागत नाही. परंतु टिलर पिरंगुटचा आणि इंजिन जपानचे, असे असल्यास इंजिनाची वेगळी नोंद करणे इष्ट होय.

सर्वाधिक चुका वर्णनात होतात. ‘भाताचे कोळपे, 1 संच’ एवढे लिहिल्याने परक्या अधिकाऱ्यास काहीच बोध होत नाही. संचात दांडा, दोन चक्रे व पाण्यावर तरंगणारा तळ असेल, तर प्रत्येक भाग, त्याचे वजन व मूल्य लिहावे. इंजिन, मोटर, बॅटरी यांवरील कोरलेला क्रमांक स्वतः कंदिलाच्या नव्हे तर दिवसाच्या उजेडात वाचून उतरवावा. बिलावरून उतरवू नये. ज्या अवजारास क्रमांकच नाही, त्यावर पुसली न जाणारी खूण ठोकून तीच यादीत लिहावी. परत येताना अधिकारी खूण जुळवून पाहतो, आणि ती न जुळल्यास माल तोच आहे हे सिद्ध करणे मालकास जड जाते.

यादीवर एकदा सही-शिक्का झाला की तीत नवी वस्तू घालता येत नाही. उलट, यादीतील काही वस्तू घरी ठेवून उरलेल्या नेण्यास मुभा असते. कोणते अनुक्रमांक नेले ते त्या त्या फेरीच्या पानावर लिहितात. म्हणून जादा पाती वा पट्टा यांची नोंद प्रथमच करावी. मात्र मूल्य वाढले की तारणही वाढते, हे विसरू नये. मूल्य खरे व व्यवहारातले असावे.

इंद्रायणी तांदळाच्या नमुना-पिशव्या, छापील पत्रके, इंधन व वंगण यांना या यादीत स्थान नाही. कारण जे वाटावयाचे वा संपावयाचे, ते परत येणार नाही. तांदूळ अथवा बियाणे न्यावयाचे असल्यास वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र आदी वेगळे सोपस्कार पाहावे लागतात. खाचरात वापरलेले यंत्र असेल, तर पात्यांच्या सांध्यांतील चिखल पूर्ण धुऊन काढावा. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत मातीचा कण चालत नाही. लाकडी खोकी प्रक्रिया केलेली व तसा शिक्का असलेलीच हवीत.

पुस्तिकेतील पिवळी पाने निघताना व परतताना आपल्या देशात, पांढरी परदेशात, आणि निळी वाटेवरील देशांसाठी असतात. बोलोन्याचा माल ट्रकने स्वित्झर्लंडमधून जाणार असेल, तर निळ्या पानांची तजवीज आधीच करावी. न्हावा-शेवा बंदरात किंवा विमानतळावर माल चढण्यापूर्वी पिवळ्या पानावर शिक्का पडला की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे. दलालाच्या भरवशावर राहू नये.

प्रदर्शनात गिऱ्हाईक भेटते आणि यंत्र तेथेच देऊन टाकण्याचा मोह होतो. तेथील जकात खात्यास विचारून, जकात भरून व पावती घेऊन तसे करता आले तरच करावे. अन्यथा मुदतीत यंत्र न निघाल्यास ते खाते संघटनेकडे रकमेची मागणी करते, आणि संघटना ती तारणातून वसूल करते. लहान कारखान्याचे वर्षभराचे भांडवल असे एका टिलरपायी अडकू शकते. विकावयासाठी नेणे हाच हेतू असेल, तर नेहमीच्या निर्यातीची कागदपत्रे करावीत.

परत आल्यावर सर्व पानांवरील शिक्के तपासून पुस्तिका फिक्कीकडे जमा करावी व तारण मोकळे करून घ्यावे.