सैनिकांतील निद्रा-श्वसनरोध

झोपेत श्वसन वारंवार थांबून पुन्हा सुरू होण्याच्या विकृतीस निद्रा-श्वसनरोध म्हणतात. श्वसन किमान १० सेकंद थांबल्यास तो एक रोध मानतात. पूर्ण व अंशिक रोधांची तासाची सरासरी ५ वा अधिक असल्यास विकृती गणली जाते. ३० वा अधिक असल्यास ती तीव्र समजतात.

विकृतीचे मुख्य प्रकार दोन आहेत. अवरोधी प्रकारात निद्रेत ग्रसनीचे स्नायू शिथिल होऊन श्वसनमार्ग मिटतो. छातीची हालचाल चालू असूनही हवा आत जात नाही. केंद्रीय प्रकारात मेंदूकडून श्वसनस्नायूंना चेतनाच मिळत नाही. अतिउंचीवरील सैनिकांत हा दुसरा प्रकार आढळतो. १९८४ पासून भारतीय सेना तैनात असलेल्या सियाचीनसारख्या प्रदेशात विरळ हवेमुळे श्वसन जलद होते, रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटतो व श्वसनाची प्रेरणा काही काळ लोपते. उंचीवरून खाली आल्यावर हा दोष सामान्यतः नाहीसा होतो.

अवरोधी प्रकार स्थूल व्यक्तींत अधिक आढळत असला, तरी लहान जबडा किंवा अरुंद घसा असलेल्या सडपातळ जवानासही तो होतो. दिवसा येणारी गुंगी, चिडचिड व विस्मरण ही लक्षणे अपुरी झोप, पहाऱ्याच्या पाळ्या किंवा आघातोत्तर तणाव यांचीही असल्याने निदान लांबते. झोपलेल्यास स्वतःचा रोध कळत नाही. बराकीतील सोबती वा पत्नी यांचे निरीक्षण म्हणून मोलाचे ठरते. निदान निद्रालेखनाने निश्चित होते. विकृती दुर्लक्षित राहिल्यास अतिरक्तदाब संभवतो. वाहन वा शस्त्र हाताळताना डुलकी लागणे इतरांसही घातक ठरते. मद्य व काही शामक औषधे रोध वाढवितात. झोप येत नाही म्हणून ती परस्पर घेणे धोक्याचे असते.

ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये वर्णिलेली, मुखवट्यातून अखंड दाबाने हवा देण्याची पद्धत हा प्रमुख उपचार होय. वजन घटविणे, कुशीवर झोपणे व जबडा पुढे धरणारे साधन यांचाही उपयोग होतो. यंत्रास वीज लागत असल्याने आघाडीवर त्याचा वापर अवघड असतो.

अमेरिकेत श्वसनयंत्राची गरज असलेल्या माजी सैनिकाची सेवाजन्य अक्षमता ५०% धरली जात असे. उपचाराने लक्षणे नाहीशी झाल्यास ती शून्य धरावी, असा प्रस्ताव २०२२ मध्ये मांडला गेला. तथापि यंत्र विकृती बरी करीत नाही. ते वापरले जाते तेवढ्याच रात्री श्वसनमार्ग खुला राहतो. भरपाईचा विचार करताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.