समजून घ्या : सुक्या कचऱ्यातले नेमके काय रिसायकल होते?

दुधाची पिशवी, चिप्सचे पाकीट, तेलकट झालेला पिझ्झाचा खोका आणि गोळ्यांची रिकामी स्ट्रिप. बहुतेक घरांत या चारही वस्तू सुक्या कचऱ्याच्या डब्यात पडतात. भंगारात मात्र यातली एकच हमखास विकली जाते, ती म्हणजे दुधाची पिशवी. तीही धुऊन वाळवलेली असेल तरच. सुका कचरा म्हणजे रिसायकल होणारा कचरा, हा समज इथेच चुकतो.

नियम काय सांगतो?

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करणे बंधनकारक झाले. कोणती वस्तू कोणत्या डब्यात टाकायची, एवढेच त्यातून ठरते. सुक्या डब्यातले पुढे काय रिसायकल होणार, हे ठरवतो भंगाराचा बाजार. वस्तू स्वच्छ आहे का, एकाच पदार्थाची आहे का आणि तिला घेणारा आहे का, यावर सगळे अवलंबून असते.

फटका कोणाला बसतो?

पुण्याचे उदाहरण पाहू. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेने 2008 मध्ये महापालिकेशी करार केला आणि घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम सुरू केले. घरांकडून मिळणारे मासिक शुल्क आणि भंगाराची विक्री यांवर या सदस्यांची कमाई चालते. डब्यातली एकेक वस्तू त्या हाताने वेगळी करतात. उरलेली आमटी रद्दीवर सांडली की तो कागद कोणी घेत नाही. म्हणजे कचरा वाढतो आणि दिवसाची मजुरीही घटते.

हमखास काय चालते?

- कागद : वर्तमानपत्रे, वह्या, पुठ्ठ्याचे खोके. खोके उघडून सपाट करा.
- प्लास्टिक : पाण्याच्या व शीतपेयाच्या बाटल्या, शाम्पू-डिटर्जंटच्या बाटल्या, तेलाचे कॅन, दुधाच्या पिशव्या.
- धातू : पत्र्याचे डबे, अ‍ॅल्युमिनियमचे कॅन. भंगारातून अ‍ॅल्युमिनियम बनवताना नव्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते. म्हणूनच त्याला भाव चांगला मिळतो.
- काच : अखंड बाटल्या आणि बरण्या.

काय अडते, आणि का?

- चिप्स, बिस्किटे, मसाल्याची चकचकीत पाकिटे : प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही. काही ठिकाणी ही पाकिटे सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात, पण ते रिसायकलिंग नव्हे.
- चहाचे कागदी कप : आतून प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे साध्या रद्दीत चालत नाहीत.
- दुकानाची गुळगुळीत बिले : त्या कागदावर रसायनाचा थर असतो. रद्दीत टाकू नका.
- थर्माकोल : आत बहुतांश हवाच. टेम्पो भरतो, वजन भरत नाही.
- ज्यूसचे खोके : कागद, प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर असतात. रिसायकल होतात, पण त्यासाठी खास प्रक्रिया लागते. जवळ संकलन केंद्र असेल तर सपाट करून तिथे द्या.
- आरसा, काचेचे पेले : ही काच बाटलीच्या काचेहून वेगळी असते. बरण्यांसोबत देऊ नका.

त्रिकोणातल्या आकड्याचा अर्थ काय?

प्लास्टिकवर त्रिकोणात 1 ते 7 यांपैकी एक आकडा असतो. तो फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो, रिसायकलिंगची हमी देत नाही. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक, 2 म्हणजे शाम्पूच्या बाटलीचे जाड प्लास्टिक आणि 5 म्हणजे डब्यांचे. या तिन्हींना सहसा घेणारे मिळतात. 7 मध्ये ‘इतर सर्व’ येते, त्यामुळे त्याचे गणित अवघड.

धुवायचे किती?

साबण लावून चकचकीत करण्याची गरज नाही. भांडी विसळलेले पाणी फिरवून डबा उपडा ठेवला तरी पुरे. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करू नका, लोंबता ठेवा. तो इवलासा तुकडा गोळा करणे कोणालाच शक्य नसते. खोक्याचे कोरडे झाकण फाडून पुठ्ठ्यात टाका, तेल मुरलेला भाग घरच्या कंपोस्टमध्ये चालतो.

सुक्यात मिसळू नये असे काय?

वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात यासाठी ‘रेड डॉट’ मोहीम राबवली गेली. आत काय आहे हे हात घालण्याआधीच कळावे, हा त्यामागचा हेतू. फुटलेली काच आणि ब्लेडही जाड कागदात बांधून, वर लिहून वेगळी द्या. बॅटऱ्या, सीएफएल दिवे आणि मुदत संपलेली औषधे घातक कचऱ्यात जातात. सीएफएलमध्ये पारा असतो, तर मोबाइलची बॅटरी दबली किंवा भोक पडले तर पेट घेऊ शकते. जुने चार्जर आणि फोन ई-कचरा संकलन केंद्रावर द्या.

शंका आली तर?

तुमच्या भागात काय विकले जाते, हे कचरा घ्यायला येणाऱ्या ताई-दादांइतके नेमके कोणी सांगू शकत नाही. त्यांनाच विचारा. आणि तरीही खात्री नसेल, तर ती वस्तू रद्दीच्या गठ्ठ्यात घुसवू नका, बाजूला ठेवून द्या. एका ओल्या वस्तूमुळे अख्खा गठ्ठा वाया जातो.