नायक निवृत्त झाला, चाहता मैदानातच!

भारताचा क्रिकेट सामना टीव्हीवर पाहताना हा माणूस तुम्हाला हमखास दिसला असेल. डोक्यापासून कमरेपर्यंत तिरंगा रंगवलेला, छातीवर ठळक अक्षरांत ‘तेंडुलकर’ आणि १० हा आकडा, हातात भला मोठा राष्ट्रध्वज आणि तोंडाला शंख. चौकार गेला की शंख वाजलाच म्हणून समजा! कॅमेरा क्षणभर त्याच्यावर थांबतो, घरातली मुलं ओरडतात, ‘‘तो बघा, तो बघा!’’ आणि पुढचा चेंडू पडतो. आपण त्याला विसरून जातो.

पण सामना संपल्यावर हा माणूस कुठे जातो? खातो काय, राहतो कुठे, त्याला घरदार आहे की नाही? आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो सचिन तेंडुलकर २०१३मध्येच निवृत्त झाल्यावर याचं काय झालं?

या चाहत्याचं नाव सुधीरकुमार चौधरी. सुधीर गौतम या नावानेही तो ओळखला जातो. तो बिहारमधल्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातला. मुझफ्फरपूर म्हटलं की लोकांना आठवते ती तिथली रसाळ लिची. तिथल्या ‘शाही लिची’ला २०१८मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण क्रिकेटवेड्यांना मुझफ्फरपूर ठाऊक झालं ते सुधीरमुळे.

सायकलवरून मुंबई

सुधीर लहानाचा मोठा झाला तो काळच सचिनचा होता. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत सोळा वर्षांचा सचिन पहिला कसोटी सामना खेळायला उतरला आणि पुढची चोवीस वर्षं घराघरात त्याच्या धावांचाच हिशेब चालला. एप्रिल १९९८मध्ये शारजात वाळूच्या वादळानंतर त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४३ धावा काढल्या आणि दोनच दिवसांनी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, अंतिम सामन्यात १३४. त्या रात्री टीव्हीच्या दुकानांपुढे रस्त्यात उभे राहून सामना पाहणारे आज नातवंडांना ती गोष्ट सांगत असतील. वर्तमानपत्रातली कात्रणं वहीत चिकटवणारी, कपाटाच्या दाराला सचिनचं पोस्टर लावणारी मुलं तेव्हा गल्लोगल्ली होती. सचिन ९९वर असताना घरात कोणी जागा बदलायची नाही, असा नियम कित्येक घरांत आजोबांनीच घातलेला असे.

सुधीर त्यांच्यातलाच एक. फरक इतकाच, की बाकीची मुलं मोठी झाली, नोकरीधंद्याला लागली, वह्या माळ्यावर गेल्या. सुधीरने मात्र २००३मध्ये सायकल काढली आणि मुझफ्फरपूरहून थेट मुंबईचा रस्ता धरला! हे अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त. वाटेत मिळेल ते खायचं, जागा सापडेल तिथे पाठ टेकायची आणि उजाडलं की पुन्हा पायडल. दोन आठवड्यांहून अधिक काळ असा प्रवास करून तो मुंबईत पोहोचला. सचिनला भेटला आणि वानखेडे स्टेडियमवरच्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याचं तिकीटही त्याला सचिनकडूनच मिळालं.

त्या दिवसापासून सुधीरच्या आयुष्याची दिशा ठरली. सुरुवातीला उत्साहाच्या भरात त्याने मैदानात धावत जाऊन सचिनचे पाय धरण्याचा प्रकारही केला. त्यात मार खाण्याची वेळ आली. मग त्याची जागा प्रेक्षकांतच पक्की झाली. पुढे सचिनच त्याच्या प्रवेशाची सोय करू लागला. तोही रिकाम्या हाताने जात नसे. लिचीच्या हंगामात मुझफ्फरपूरची लिची सचिनच्या घरी पोहोचवायची, हा त्याने स्वतःला घालून घेतलेला नेम.

रात्रभर जागरण

टीव्हीवर दोन सेकंद दिसणाऱ्या त्या रंगामागे बरीच मेहनत असते. रंगकाम आदल्या दिवशीच सुरू होतं. अंगभर केशरी, पांढरा, हिरवा, मधे अशोकचक्र, मग अक्षरं आणि आकडा. डोक्याचे केस भादरून त्यातही भारताचा नकाशा राखलेला. हे सगळं रंगवून झालं की निजायची पंचाईत! अंग टेकलं तर रंग पुसणार. म्हणून सामन्याची आदली रात्र तो बहुतेक जागूनच काढतो आणि सकाळी दरवाजे उघडण्याच्या वेळी ध्वज घेऊन रांगेत हजर असतो.

एकदिवसीय सामना असेल तर एका दिवसावर भागतं. पण कसोटी सामना पाच दिवसांचा! रोज तोच रंग, तेच ऊन, तीच घोषणाबाजी. सामना संपला की अंगावरचा रंग घासून काढायचा आणि पुढच्या गावची गाडी पकडायची. आपण लग्नकार्यात एक दिवस मेकअप करून दमतो. इथे तर वर्षानुवर्षं हाच दिनक्रम आहे.

देशातल्या देशातच तो फिरला असंही नाही. २००६मध्ये भारतीय संघ पाकिस्तानात गेला तेव्हा सुधीर सायकलवरून लाहोरला पोहोचला. २००७मध्ये बांगलादेशची वारीही त्याने सायकलवरच केली. पंढरीची वाट पायी चालणाऱ्यांच्या महाराष्ट्राला ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको. मात्र वारकरी एकादशी झाली की घरी परततो, पेरणीच्या कामाला लागतो. सुधीरची वारी संपतच नाही.

नोकरी नाही, लग्न नाही

इथेच या कथेची दुसरी बाजू सुरू होते आणि ती टीव्हीवर दिसत नाही.

सुधीर काही श्रीमंताघरचा नाही. त्याने नोकऱ्याही केल्या. दूध व्यवसायातली नोकरी केली, शाळेत शिकवण्याचं काम केलं. पण सामन्यांचं वेळापत्रक आणि हजेरीपट, दोन्ही सांभाळता येईनात. प्रत्येक वेळी सुटली ती नोकरी. लग्न त्याने केलंच नाही. आपलं लग्न क्रिकेटशीच लागलंय, अशा अर्थाचं तो वेळोवेळी सांगत आला आहे.

ऐकायला हे वाक्य मोठं छान वाटतं. पण बिहारच्या एखाद्या गावात आईवडिलांना ते कसं ऐकू येत असेल, याचा विचार करा. हाताशी आलेला मुलगा कमावता होईल, चार पैसे घरी देईल, सून येईल, अशी आशा कोणत्या घरात नसते? तिथे मुलगा अंगाला रंग फासून गावोगाव फिरतो आहे, आणि सगळा देश त्याला टाळ्या वाजवतो आहे. टाळ्यांनी चूल पेटत नाही, हे आईवडिलांइतकं कोणाला कळणार? घरच्यांची नाराजी त्याने कधी लपवली नाही. तरी पावलं वळली ती मैदानाकडेच.

मग खर्च भागतो कसा? सचिनचा आधार, ओळखीपाळखीच्या लोकांची मदत, गावोगावच्या क्रिकेटप्रेमींकडचा पाहुणचार, यावर. पैसे नसताना सायकल आणि रेल्वेचा साधा डबा. ज्याचा चेहरा कोट्यवधी लोकांनी पाहिला आहे, त्याच्या महिन्याच्या मिळकतीचा मात्र भरवसा नाही, ही वस्तुस्थिती आहे.

शेजारच्या देशांतले सोबती

असा हा एकटाच आहे का? मुळीच नाही. पाकिस्तानच्या सामन्यांत हिरवा कुर्ता आणि पांढरी दाढी अशा वेषातले सियालकोटचे ‘चाचा क्रिकेट’ अनेकांना आठवत असतील. श्रीलंकेचे पर्सी अबेसेकरा दशकानुदशकं ध्वज फडकवत, यमकं जुळवत खेळाडूंना हसवत राहिले. २०२३मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा क्रिकेटच्या जगाने त्यांना खेळाडूसारखाच निरोप दिला. मोहालीचा रामबाबू अंगावर ‘धोनी ७’ रंगवून उभा राहू लागला.

आणि ‘शिकागो चाचा’ म्हणून ओळखले जाणारे बशीर! मूळचे पाकिस्तानचे, अमेरिकेत हॉटेल व्यवसाय करणारे, पण चाहते महेंद्रसिंग धोनीचे. २०११मध्ये मोहालीच्या भारत-पाकिस्तान उपान्त्य सामन्याचं तिकीट त्यांना धोनीकडून मिळालं आणि तिथून हे नातं जुळलं. २०१८मध्ये आशिया चषक संयुक्त अरब अमिरातीत होता. तिथे जायला सुधीरकडे पैसे नव्हते. तेव्हा त्याच्या प्रवासाचा आणि राहण्याचा भार उचलला तो याच बशीरचाचांनी. मैदानात एक शंख फुंकणार भारतासाठी, दुसरा घोषणा देणार पाकिस्तानसाठी, आणि मुक्काम एकत्र! दोन देशांमधल्या कटुतेच्या एवढ्या बातम्या आपण वाचतो, त्यात ही एक छोटीशी बातमीही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

हाती आला विश्वचषक

सुधीरच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस म्हणजे २ एप्रिल २०११. वानखेडेवर धोनीने षटकार मारला आणि २८ वर्षांनी भारताने विश्वचषक जिंकला. खेळाडूंनी सचिनला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. त्या जल्लोषात सचिनला आपला हा चाहता आठवला. त्याने सुधीरला ड्रेसिंग रूममध्ये बोलावलं आणि विश्वचषक त्याच्या हाती दिला. तिरंगी रंगातला सुधीर चषक उंचावतो आहे आणि शेजारी सचिन हसतो आहे, हे छायाचित्र देशभर गाजलं.

ज्या वानखेडेवर आठ वर्षांपूर्वी तो सायकल हाणत आला होता, त्याच वानखेडेवर हे घडलं. सुधीरने इतकी वर्षं जे गमावलं, त्याची भरपाई त्या एका क्षणात झाली का? याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. सुधीरचं उत्तर मात्र स्पष्ट होतं: त्यानंतरही तो सामन्यांना हजर राहिला.

१६ नोव्हेंबरनंतर

मग तो दिवस आला. १६ नोव्हेंबर २०१३. आपला दोनशेवा कसोटी सामना खेळून सचिनने वानखेडेवरच निरोप घेतला. भाषणात त्याने वडिलांची आठवण काढली, आई, पत्नी, भाऊ, गुरू रमाकांत आचरेकर, सगळ्यांचे आभार मानले. मैदान रडलं, टीव्हीपुढे घरं रडली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी सगळे आपापल्या कामाला गेले.

सुधीरला जायला दुसरं काम नव्हतं. ज्या नावासाठी नोकरी सोडली, संसार टाळला, ते नाव आता फलंदाजीला उतरणारच नव्हतं. अशा वेळी माणूस कोलमडून पडू शकतो. तो घरी परतेल, असंही अनेकांना वाटलं असेल. पण पुढच्या सामन्यांत तो पुन्हा दिसला. तोच तिरंगा, तोच शंख. छातीवरच्या नावाआधी मात्र दोन नवे शब्द आले होते: ‘मिस यू’. ‘मिस यू तेंडुलकर १०’.

एका माणसाचा चाहता संघाचा चाहता झाला होता. त्यानंतर विराट कोहली, रोहित शर्मा यांच्या धावांसाठीही तोच शंख वाजला. नायक बदलले, पण नाव छातीवर एकाचंच राहिलं.

तुमच्या घरातला चाहता

सुधीरकडे पाहून कोणी त्याला भक्त म्हणेल, कोणी वेडा. दोन्ही शिक्के मारणं सोपं आहे. खरा प्रश्न आपल्या घरातला आहे. कारण आज प्रत्येक घरात एखादा छोटा सुधीर असतोच. कोणाला खेळाडूचं वेड, कोणाला गायकाचं, कोणाला नटाचं. परीक्षेच्या आदल्या रात्री सामना पाहणारा मुलगा किंवा आवडत्या गायकाच्या कार्यक्रमासाठी साठवलेले सगळे पैसे उधळणारी मुलगी आपल्या ओळखीची असते. आईवडील चिडतात, पोस्टर फाडतात, मोबाइल काढून घेतात. त्याने वेड कमी होत नाही, फक्त संवाद बंद होतो.

त्यापेक्षा मुलांना सचिनची पूर्ण गोष्ट सांगा. तो पहाटे उठून मैदानावर जायचा, तासन्‌तास सराव करायचा, हे सांगा. आणि सुधीरचीही पूर्ण गोष्ट सांगा: चषक उंचावलेला फोटोही दाखवा आणि सुटलेल्या नोकऱ्याही सांगा. एखाद्यावर जीव लावणं वाईट नाही, त्याने आयुष्यात रंग येतो. पण तो रंग लावायला अंग आपलं असतं आणि त्याची किंमत घरातली माणसंही मोजत असतात, एवढं भान मुलांना आलं तर पुरे.

पुढच्या वेळी टीव्हीवर शंखाचा आवाज आला आणि कॅमेरा त्या तिरंगी माणसावर थांबला, तर मुलांबरोबर तुम्हीही टाळ्या वाजवा. मात्र त्या दोन सेकंदांसाठी तो आदली सगळी रात्र जागा होता आणि दूर मुझफ्फरपूरला त्याचं एक घर आहे, हेही त्यांना सांगायला विसरू नका.