जुनं पॅकिंग

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा इथल्या बोटी वर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि हंगामभर कुरकुरणारं इंजिन अखेर खोललं जातं.

हेड उतरलं की तांडेल आणि मिस्त्री दोघांचीही नजर व्हॉल्व्ह, लायनर, पिस्टन रिंगांवर जाते. ब्लॉकच्या माथ्यावर करपून बसलेलं जुनं पॅकिंग खरवडायचं काम मात्र हाताखालच्या पोराकडे. हा कारभार मला उलटा वाटतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा साधारण सोळा-अठरा पट दाबतो, त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं आणि क्षणभर दाब ७०-८० बारपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-सव्वादोन बार असतो. हा दाब अडवतो तो हेड आणि ब्लॉकमधला एक-दीड मिलिमीटरचा पत्रा, म्हणजे हेड गॅस्केट, बोलीत पॅकिंग. तेलाच्या आणि पाण्याच्या वाटाही त्यातूनच जातात. खाली जुन्या पॅकिंगची खपली राहिली, तर नवं पॅकिंग तेवढ्या जागी नीट बसत नाही. मग गॅस पाण्यात शिरतो, पाणी तेलात उतरतं आणि डिपस्टिकवर दुधाळ चहा दिसू लागतो. रस्त्यावरचा ट्रक निदान बाजूला घेता येतो. बोटीला दुसऱ्या बोटीच्या दोराची वाट पाहावी लागते.

खरवडण्याआधी सिलिंडर, तेलाची आणि पाण्याची भोकं चिंध्यांनी बुजवायची. बोल्टची भोकंही विसरायची नाहीत. तळ बंद असलेल्या भोकात तेल-पाणी साचलं, तर बोल्ट आवळताना त्याला जायला वाट उरत नाही आणि बिडाचा ब्लॉकही तडकू शकतो. पातं आडवं, जवळजवळ सपाट धरायचं. बीड थोडी चूक सोसतं. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर पोलादी पात्याचा एक कोपरा रुतला तरी कायमचा ओरखडा पडतो. तिथे पितळेचं किंवा प्लास्टिकचं पातं बरं. ॲल्युमिनियमला कॉस्टिक तर लावायचंच नाही, ते धातूच खातं. पॅकिंग सोडवणारी काही रसायनंही जपून वापरावीत. त्यांची वाफ हवेहून जड असते आणि बोटीच्या इंजिनखोलीत तळाशी साचून राहते.

घाई असली की ग्राइंडरला खरखरीत चकती लावली जाते. दोन मिनिटांत माथा आरशासारखा चकचकीत होतो, गिऱ्हाईक खूश. पण चकतीतून झडणारे कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, पोलादाहून कठीण. ते तेलाच्या वाटेने बेअरिंगपर्यंत पोहोचले की बेअरिंग गेलंच. जनरल मोटर्ससारख्या कंपनीने आपल्या मेकॅनिकांना या चकत्यांबद्दल लेखी ताकीद दिलेली आहे. शिवाय चकती सगळीकडे सारखी घासत नाही. तिने पाडलेला खळगा डोळ्यांना दिसत नाही, पॅकिंगला मात्र कळतो.

जुन्या इंजिनांच्या पॅकिंगमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. त्याचे तंतू फुफ्फुसात अडकतात आणि आजार वीस-चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसबेस्टॉस उद्योगातल्या प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षं ठेवायला सांगितलं, ते यामुळेच. किनाऱ्यावर बसून पॅकिंग खरवडणाऱ्या पोराची नोंद कोण ठेवणार? त्याने निदान जुना थर ओला करून खरवडावा, धूळ उडवू नये आणि काँप्रेसरची हवा मारू नये.

खरवडून झालं की आधी नख फिरवून बघायचं, मग सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून फीलर गेज घालायचं. मर्यादा कंपनीगणिक बदलते, बहुधा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास. त्याहून जास्त फट दिसली तर फेसिंगला पाठवायचं. नुसतं जास्तीचं सिलिकॉन थापून ती फट भरत नाही.

नवं पॅकिंग कोरडं की कंपाउंड लावून बसवायचं, ते बनवणाऱ्याने सांगितलेलं असतं. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळायचे. जुन्या धाटणीच्या बऱ्याच इंजिनांत एकदा गरम करून थंड झाल्यावर हेड पुन्हा आवळावं लागतं. तसं केलं की टॅपेटचं अंतरही बदलतं, म्हणून तेही परत लावून घ्यायचं आणि मगच बोट पाण्यात ढकलायची.